पहिल्या सेशनला सगळं सांगायचं नसतं

अत्याचार सोसलेलं माणूस थेरपीला जातं तेव्हा घोटाळा बहुतेकदा पहिल्याच तासात होतो. वर्षानुवर्षं दाबून ठेवलेलं भडाभडा बाहेर पडतं, पन्नास मिनिटं संपतात, आणि घरी आल्यावर दोन रात्री डोळ्याला डोळा लागत नाही. पुढच्या सेशनला मग पाय उचलत नाही. जाणकार थेरपिस्ट स्वतःच थांबवतो. आधी सुरक्षितता आणि स्वतःला शांत करता येणं, मग आठवणी, असा कामाचा क्रम असतो. पहिला टप्पाच काही महिने चालू शकतो. तो वेळ वाया गेला असं समजू नका.

म्हणून चिठ्ठीवर एकच वाक्य लिहून न्या: ‘लहानपणी घरातल्या माणसाकडून त्रास झालाय, तपशील आज नकोत.’ तोंडातून शब्द फुटला नाही तर चिठ्ठी पुढे सरकवायची. दाराजवळची खुर्ची मागितली तरी चालतं.

बडोद्यात आणखी एक पंचाईत. दांडिया बाजारात राहणाऱ्या मराठी माणसाला शहरात कुणी ना कुणी ओळखतंच. ‘तुम्ही अमक्यांच्या सूनबाई ना?’ हे वाक्य थेरपिस्टकडून ऐकायचं नसेल तर फोनवरच आडनाव सांगून ओळख आहे का विचारा. दुसरा प्रश्न भाषेचा. बाजारहाट गुजरातीत निभतो, पण घरात जे बोललं गेलं ते मराठीत होतं आणि आठवतंही तसंच. थेरपिस्टला निदान मराठी कळतं का, हे विचारण्यात संकोच नको. टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या 14416 या क्रमांकावर चोवीस तास मोफत बोलता येतं, मराठीतही.

तिसरा प्रश्न शिक्षणाचा. गोळ्या मानसोपचारतज्ज्ञ डॉक्टर देतात; क्लिनिकल सायकॉलॉजिस्टची नोंद भारतीय पुनर्वास परिषदेकडे असते, नोंदणी क्रमांक मागावा. ‘काउन्सेलर’ ही पाटी मात्र कुणीही लावू शकतं, तेव्हा ट्रॉमाचं, म्हणजे मनावरच्या जुन्या आघाताचं, काम कुठे शिकलात आणि अशा किती लोकांबरोबर केलंत, हे विचाराच. फी झेपत नसेल तर सयाजीराव हॉस्पिटलचा मानसोपचार विभाग आहे, कारेलीबागेत सरकारी मानसिक आरोग्य रुग्णालय आहे. ओपीडीच्या गर्दीत पहिल्याच दिवशी तासभर मिळेल असं धरून जाऊ नका.

त्रास देणारा माणूस अजून घरातच असेल आणि थेरपिस्ट म्हणाला, ‘पुढच्या वेळी दोघं या,’ तर ठाम नकार द्या. खोलीत बोललेल्याची वसुली घरी होते. फोनचंही तसंच. व्हॉट्सॲपमधली ‘लिंक्ड डिव्हाइसेस’ची यादी उघडून बघा, तिथे घरातला लॅपटॉप दिसला तर तुमच्या अपॉइंटमेंटचा मेसेज तिकडेही उमटणार. जॉइंट खात्यातून यूपीआय करू नका, रोख द्या. ऑनलाइन सेशन एकत्र कुटुंबात भिंतीपलीकडे ऐकू जातं. त्यापेक्षा क्लिनिकमध्ये जाऊन बसलेलं बरं.

2017 च्या मानसिक आरोग्य कायद्याने गोपनीयतेचा हक्क दिलाय, पण जिवाला धोका असेल तर अपवाद आहेत. पीडित मूल अठराच्या आतलं असेल तर पॉक्सोखाली, म्हणजे मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धच्या कायद्याखाली, कळवणं बंधनकारक आहे. ‘कोणती गोष्ट तुम्हाला कुणाला तरी सांगावीच लागेल?’ हे बोलायला सुरुवात करण्याआधी विचारून घ्या.

सेशननंतरचे दोन तास मोकळे ठेवा. अंग जड होतं, डोकं सुन्न होतं. लगेच स्कूटर काढून मांडवीच्या गर्दीत शिरू नका. आधी पाणी, थोडं खाणं. भोवतालच्या पाच वस्तूंची नावं मोठ्याने घ्या: पंखा, दार, चप्पल, जे दिसेल ते. मन ‘तेव्हा’तून ‘आत्ता’त यायला याची मदत होते.

आणि तीन-चार सेशननंतरही धाकच वाटत असेल, किंवा ‘तुम्ही काही तरी केलं असेल’ असं ऐकावं लागलं, तर थेरपिस्ट बदला. ‘पुढचं सेशन रद्द करते’ एवढा मेसेज पुरतो, कारण द्यावं लागत नाही.