बदकीच्या पंखाखालची पिल्लं: माझा अनुभव

वेंगुर्ल्याच्या बाजूला आमच्या वाडीत मस्कोव्ही बदकं आहेत. बल्बखाली पिल्लं वाढवायची तर पहिल्या आठवड्यात ३२ अंशांच्या आसपास ऊब राखावी लागते, आणि आमच्याकडे वीज कधी जाईल याचा नेम नसतो. म्हणून मी पिल्लं मादीखालीच काढतो. ऊब ती बघते. पाणी, कोरडी जमीन आणि मुंगूस या तीन गोष्टी मात्र तिच्या हातातल्या नाहीत, त्या आपल्याला बघाव्या लागतात.

खाकी कॅम्पबेल किंवा रनर जातीची बदकं अंडी भरपूर देतात, पण सहसा उबवायला बसत नाहीत. त्यांची अंडी मस्कोव्हीखाली किंवा खुडूक कोंबडीखाली ठेवावी लागतात. त्यांना २८ दिवस लागतात, मस्कोव्हीच्या स्वतःच्या अंड्यांना ३३ ते ३५. दोन्ही एका घरट्यात मिसळू नका. पहिली पिल्लं चालायला लागली की मादी त्यांच्यामागून उठते आणि उरलेली अंडी भरत आलेली असतानाच गार होतात. हाच घोटाळा दुसरी मादी त्याच घरट्यात रोज अंडं घालून करते. म्हणून ठेवलेल्या प्रत्येक अंड्यावर पेन्सिलने गोल काढा. गोल नसलेलं दिसलं की संध्याकाळी उचला.

मी अंडी गणपती गेल्यावर ठेवतो. पिल्लं दिवाळीच्या सुमाराला निघतात आणि त्यांना पिसं फुटेपर्यंत कुणगे (भाताचे वाफे) मोकळे झालेले असतात. भर पावसात पेंढा ओला राहतो, त्याला बुरशी धरते. अंडी आठवडाभरापेक्षा जुनी नकोत, धुतलेली नकोत. साठवताना निमुळतं टोक खाली. एका मस्कोव्हीखाली १२ पुरेत. जास्त ठेवली तर कडेची आळीपाळीने गार पडतात आणि नुकसान सगळ्यांचंच होतं.

आठव्या दिवशी काळोखात टॉर्चवर अंडं धरा. आत कोळ्याच्या जाळ्यासारख्या लाल शिरा दिसल्या तर जीव धरलाय. साफ पिवळं दिसणारं काढून टाका, कारण कुजलेलं अंडं घरट्यात फुटलं तर बाकीचीही हातची जातात. मादी दिवसातून एकदा उठते, खाते, पाण्यात डुबकी मारून ओल्या पोटाने परत बसते. ती ओल अंड्यांना हवी असते, म्हणून तिच्यासाठी घरट्यापासून दहा-पंधरा पावलांवर पाण्याची दोण भरलेली ठेवा. कोंबडीखाली बदकाची अंडी असतील तर शेवटच्या दहा दिवसांत रोज कोमट पाण्याचा हबका मारा.

अंड्याला चोच लागल्यापासून पिल्लू बाहेर यायला एक दिवस, कधी दोनही लागतात. भोक दिसतं, आतली चोच हलते, मग तासन्‌तास काहीच होत नाही. इथेच हात शिवशिवतात. कवच सोलू नका. आतल्या पापुद्र्यातल्या शिरांत अजून रक्त असतं आणि पिवळा बलक पोटात ओढला जायचा असतो. त्याच बलकावर पिल्लू पहिला दिवस काढतं, त्यामुळे खाण्याची घाईही नको. सगळी सुकून मादीच्या पंखांतून डोकी काढायला लागली की त्यांना आईसकट हलवा. नर तीन-चार आठवडे वेगळाच ठेवा. तो पिल्लांना तुडवतो, टोचतो.

सर्वांत जास्त पिल्लं मी पाण्याने मरताना पाहिली आहेत. पिल्लाला नाकपुड्या बुडवून धुता आल्या पाहिजेत, नाहीतर ओलं खाद्य सुकून त्या बुजतात. पण भांडं खोल असेल तर ते आत पडतं आणि बाहेर येता येत नाही. आई काठावरून हाका मारत राहते, पिल्लू गुळगुळीत कडेला पाय घासत दमतं आणि गार पडतं. मी पसरट परातीत जांभ्याचे खडे भरतो; खड्यांमध्ये दोन बोटं पाणी राहतं आणि खडबडीत दगडावर पंजा धरतो. दोणीत खडे रचून उतार केल्याशिवाय पिल्लं दोणीजवळ सोडत नाही, आणि दोण काठोकाठ भरलेली हवी, अर्धी नाही. परात पेंढ्यावर ठेवू नका. जाळीच्या चौकटीवर ठेवा, खाली खडी. पिल्लं प्यायच्या दुप्पट सांडतात. भिजून गारठलेलं पिल्लू सापडलं तर कोरड्या फडक्यात ऊब देऊन सुकवा आणि रात्री आईखाली सरकवा.

नुसत्या कणीच्या भातावर पिल्लं वाढतात, पण तिसऱ्या आठवड्यात पाय वाकतात. बदकाला कोंबडीपेक्षा नायसिन (एक ब जीवनसत्त्व) जास्त लागतं. कोंबडीच्या पिल्लांचं खाद्य भिजवून द्या आणि वाटीभर खाद्याला एक मोठा चमचा ब्रुअर्स यीस्ट (नायसिन असलेली यीस्टची भुकटी) मिसळा. सुका जवळा धुऊन, कुटून द्यायला हरकत नाही. खारवलेला मासा अजिबात नको, मिठाने पिल्लं मरतात. दिवसातून चार-पाच वेळा थोडं थोडं, उरलेलं लगेच काढा. शेंगदाण्याची पेंड आमच्या दमट हवेत मी देतच नाही. १९६० साली इंग्लंडमध्ये बुरशी लागलेल्या पेंडीने लाखाच्या वर टर्की मेल्या, बदकाची पिल्लंही मेली. अफ्लाटॉक्सिन या बुरशीच्या विषाचा शोध त्यातूनच लागला. ते विष पचवण्यात बदकाचं पिल्लू फार नाजूक आहे. मक्याला कुबट वास आला तरी तो फेकून द्या.

कोंबड्यांच्या षट्‌कोनी जाळीवर विसंबू नका. पिल्लू तिच्यातून डोकं बाहेर काढतं आणि मुंगसाला तेवढं पुरतं. अर्धा इंची वेल्डेड जाळी घ्या, वीतभर जमिनीत गाडा, वरूनही लावा. दिवसा घार, कावळा, मुंगूस. रात्री कांडेचोर (मांजरासारखा निशाचर प्राणी) आणि घुशी. मस्कोव्ही मादी फुसफुसत पंख आपटते, कावळ्याला हुसकावते, घोरपडीपुढे तिचं काही चालत नाही. तीन आठवडे जाळीत, नंतर समोर कोणी असेल तेव्हाच मोकळी.

सात-आठ आठवड्यांत पिसं भरतात आणि मादी त्यांना जवळ येऊ देईनाशी होते. याच सुमाराला डक प्लेग या बदकांच्या विषाणूजन्य रोगावरच्या लशीची चौकशी तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात करून ठेवा. एका कुपीत बऱ्याच बदकांची मात्रा असते, म्हणून शेजारच्या वाड्यांतली बदकं धरून एकच दिवस ठरवतो.