गेट पाचला बंद होतं

पुण्यातल्या एका ट्रेकिंग ग्रुपसाठी मी हिमालयातल्या बॅचेस प्लॅन करतो आणि लीडही करतो, आणि पावसाळ्यात माझा जास्त वेळ जातो तो उत्तराखंडातल्या व्हॅली ऑफ फ्लॉवर्समध्ये. लोकांना वाटतं की फुलं बघायला जायचंय तर त्यात प्लॅनिंग काय करायचं, पण ही व्हॅली नॅशनल पार्क आहे, १९८२ पासून, आणि २००५ पासून जागतिक वारसा. आत मुक्काम करता येत नाही, तंबू नाही, चूल नाही, खेचर नाही, पायवाट सोडायची नाही. सकाळी सातला घांगरिया या शेवटच्या मुक्कामाच्या पुढच्या चौकीवर रजिस्टरमध्ये नाव लिहून आत जायचं आणि संध्याकाळी पाचच्या आत बाहेर. म्हणजे राजगडावर पूर्वी कसं, उशीर झाला तर पद्मावतीच्या देवळात पथारी टाकायचो, तसं इथे काही चालत नाही. सगळा प्लॅन त्या पाच वाजल्यापासून उलटा मोजत यावा लागतो.

तर ऑगस्टमधली एक बॅच, पंधरा जण. त्यात साताऱ्याच्या एक मॅडम होत्या, कॉलेजात बॉटनी शिकवून रिटायर झालेल्या, वय अडुसष्ट. बुकिंगच्या आधी मला तीनदा फोन, प्रत्येक वेळी एकच प्रश्न, की लेगच्या थडग्यापर्यंत जाता येईल ना? जोन मार्गारेट लेग ही बाई १९३९ मध्ये लंडनच्या क्यू गार्डन्सकडून इथे झाडं गोळा करायला आली होती, उतारावरून पाय घसरून गेली, आणि तिचं थडगं व्हॅलीतच आहे. मॅडमनी हे गोष्टीसारखं शिकवलं होतं म्हणे कितीतरी वर्षं, स्वतः मात्र कधी बघितलं नव्हतं. मी सांगितलं, जाता येईल, चालायची तयारी करा. त्यांनी चार महिने रोज अजिंक्यतारा चढून उतरून तयारी केली.

चूक माझी होती आणि ती कागदावरच झाली होती. सुट्ट्या कमी पडतात म्हणून लोक सहा दिवसांचा प्लॅन मागतात आणि मी तसाच दिला होता, एक दिवस व्हॅली, एक दिवस हेमकुंड, म्हणजे वरचा गुरुद्वारा आणि तलाव, जास्तीचा दिवस शून्य. ऋषिकेशहून निघालो, देवप्रयाग, रुद्रप्रयाग, कर्णप्रयाग सगळं वेळेत, आणि पीपलकोटीच्या अलीकडे दरड. सात तास गाडीत. मग अंधार पडला की पहाडात रात्री वाहतूक बंद करतात, म्हणून मागे फिरून चमोलीत मुक्काम, आणि तिथे हॉटेलच्या जिन्यात बसून मी हिशोब केला तर एक दिवस गेलेला होता. परतीची तिकिटं हरिद्वारहून ठरलेली.

दुसऱ्या दिवशी गोविंदघाट, तिथून जीपने पुलना, आणि मग दहा किलोमीटर चढून संध्याकाळी घांगरिया. जेवणानंतर सगळ्यांना बसवून खरं काय ते सांगितलं की उद्या एकच दिवस आहे, व्हॅली किंवा हेमकुंड. दोघं म्हणाले दादा आपण फास्ट चालू, दोन्ही करू. नाही होत. हेमकुंड ४,३०० मीटरच्या आसपास आहे, घांगरिया तीन हजार पन्नास, सहा किलोमीटरमध्ये एवढा चढ आणि परत तेवढंच खाली, त्यात दिवस संपतो. सह्याद्रीतला स्पीड इथे कामाला येत नाही, दम लागतो तो पायामुळे नाही, हवेमुळे लागतो. शेवटी पाच जण माझ्या जोडीदाराबरोबर हेमकुंडला आणि दहा जण माझ्याबरोबर व्हॅलीत, असं ठरलं. आणि मी एक वेळ ठरवून दिली, दुपारी एक. एक वाजता जो जिथे असेल तिथून मागे फिरायचं, थडगं समोर दिसत असलं तरी.

सातला गेटवर होतो. मॅडमना मी कंडीबद्दल विचारलं, म्हणजे पाठीवरच्या टोपलीत बसवून नेतात ते, तर त्या म्हणाल्या, "अरे, मी बसून गेले तर वाटेतलं बघणार कधी?" पुष्पावती नदीचा पूल ओलांडला की पुढचा चढ उभा आहे, आणि त्या चढाला भूर्जाची झाडं, साल कागदासारखी सुटलेली. मॅडम दर पाच मिनिटांनी थांबायच्या, दमल्या म्हणून अर्ध्या वेळा, उरलेल्या वेळी काहीतरी दिसलं म्हणून. मला मनात घड्याळ दिसत होतं पण त्यांना घाई करवेना.

वर पोचलो आणि ढग थोडा उघडला. ऑगस्टमध्ये तिथे गुलाबी रंग असतो, छातीएवढी उंच रोपं, उतारच्या उतार भरलेले. मॅडम म्हणाल्या, हा आपल्या तेरड्याचा भाऊबंद. कासला सप्टेंबरमध्ये जो जांभळट गुलाबी गालिचा दिसतो ना, त्याच कुळातला. तेरड्याचा रंग तीन दिवस, आपण म्हणतो, आणि इथे तो जूनमध्ये बर्फाखालून निघून ऑक्टोबरच्या आत बी टाकून मोकळा होतो. हे ऐकल्यावर आमच्यातला एकजण वाटेवरून दोन पावलं आत गेला होता फोटोसाठी, तो आपणहून मागे आला. मला दहा वेळा ओरडून जे जमत नाही ते तसं झालं.

पुढे वनखात्याची माणसं एक उंच रोप मुळासकट उपटून ढीग लावत होती. कोणीतरी म्हणालं, पार्कात झाडं का उपटताय? मॅडमनी सांगितलं की पूर्वी इथे मेंढ्या चरायच्या, पार्क झाल्यावर चराई बंद केली, आणि पॉलिगोनम नावाचं हे झुडूप बाकीच्या फुलांची जागा खात सुटलं, म्हणून दर पावसाळ्यात उपटावं लागतं. चराई बंद झाल्यामुळेच ते वाढलं का, यावर अजून वाद आहे म्हणे.

साडेअकराला पाऊस सुरू झाला. वाटेत एक गधेरा लागतो, गधेरा म्हणजे आपला ओढाच, पावसाच्या आधी बूट ओले न होता दगडांवरून जाता येत होतं. ते दोघं फास्टवाले पुढे जाऊन तो ओलांडून गेले होते, मी, मॅडम आणि बाकीचे अलीकडे. आमचा गाईड भ्यूंडार गावचा, मितभाषी माणूस, तो काठाशी थांबला आणि म्हणाला, "पानी का रंग देखो सर."

पाणी फार वाढलेलं नव्हतं. पण गढूळ झालं होतं, आणि खालून दगड दगडावर आपटल्याचा आवाज यायला लागला होता. म्हणजे वर कुठेतरी माती सुटलीय. त्याने दोन बोटं तोंडात घालून शिट्टी मारली, मी पण जोरात हाका मारल्या, पाऊस इतका की पलीकडे काही दिसेना, आणि ती सात-आठ मिनिटं मी आयुष्यात विसरणार नाही. ते दोघं पोंचो फडफडत आले. गाईड दोराचं एक टोक घेऊन पलीकडे गेला, दुसरं मी खडकाला वेढा देऊन धरलं, आणि एकेकाला आणलं. दुसऱ्याला आणताना पाणी गुडघ्यावर आलं होतं. गाईड शेवटी आला. वीस मिनिटांनी बघितलं तर ज्या दगडांवरून ते दोघं आधी पलीकडे गेले होते ते दिसतच नव्हते.

बारा वाजून दहा मिनिटं. एकची वेळ पण झाली नव्हती. मी मॅडमना सांगायला गेलो आणि शब्दच फुटेनात. चार महिने अजिंक्यतारा, आणि थडगं पलीकडे. त्या पलीकडे बघत उभ्या होत्या, चष्म्यावर पाणी. म्हणाल्या, "चल. ती पण इथे एकटी आली होती, तिला चल म्हणणारं कोणी नव्हतं." आणि वळल्या. परत येताना त्या फार बोलल्या नाहीत, उतारावर माझा हात धरला, सकाळी धरू दिला नव्हता.

चार चाळीसला गेटवर. चौकीवरच्या माणसाने रजिस्टर उघडून एकेक नाव विचारत खूण केली, दहाच्या दहा. हेमकुंडवाले पाच आधीच घांगरियात पोचलेले, ओले पण खुशीत, ब्रह्मकमळाचे फोटो दाखवत होते. मॅडमनी ते सगळे फोटो नीट बघितले, एकेक झूम करून.

पुण्याला आल्यावर मी प्लॅनची शीट बदलली. आता आठ दिवस, त्यात दोन दिवस व्हॅलीसाठी राखलेले, एक दिवस रस्त्यासाठी रिकामा. पैसे वाढले आणि चौकशी करणारे बरेच जण मागे फिरतात, सहा दिवसांत करणारे बाकीचे आहेतच म्हणतात. मी त्यांना चमोलीचा जिना आणि गधेऱ्याचं पाणी दोन्ही सांगतो, ज्यांना पटतं ते येतात.

जानेवारीत मॅडमचा मेसेज आला. ब्लू पॉपी, ते निळं फूल, बघायची तर जुलै बरा ना, आणि गुडघा आता ठीक आहे. जुलैच्या तिसऱ्या आठवड्यातल्या बॅचला पहिलं नाव त्यांचं लिहिलंय, आणि भ्यूंडारच्या त्याच गाईडला आत्ताच फोन करून त्या तारखा सांगून ठेवल्यात.