मुलं अठराच्या पुढची पण एकविसाच्या आतली असतील, तर गोव्याला निघण्याआधी हे वाचा

गोव्यात दारूसाठी कायदेशीर वय २१ आहे. अठरा नाही. पहिल्याच ओळीत लिहितेय, कारण निघण्याआधी ज्याने त्याने आम्हाला अठराच सांगितलं होतं. शेजारच्या काकांनी, मुलाच्या कॉलेजच्या मित्रांनी, आणि ज्याला पक्कं माहीत असायलाच हवं होतं त्या कळंगुटच्या पॅकेजवाल्या एजंटनेसुद्धा.

आम्ही चौघं. मी, नवरा, नोकरी करणारी २३ वर्षांची लेक आणि इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला असलेला १९ वर्षांचा मुलगा. आमच्या घरात लपवाछपवी नाही. प्यायचीच असेल तर आमच्यासमोर बसून प्या, मोजून प्या, असं आम्ही दोघांनाही सांगितलेलं आहे. त्यामुळे गोव्यात चौघांनी एकत्र बसायचं हे मुलांनी आधीच ठरवून टाकलं होतं. कोल्हापूरहून आजरा, आंबोली, सावंतवाडी, बांदा असे आपल्या गाडीने गेलो. रस्त्याबद्दल तक्रार नाही. मंगेशी आणि कवळ्याची शांतादुर्गा, दोन्हीकडे शांतपणे दर्शन झालं. दक्षिणेकडचे दिवसही छान गेले, त्यात सांगण्यासारखं काही नाही.

सांगायचंय ते पणजीच्या त्या एका संध्याकाळबद्दल.

कळंगुटच्या मुख्य रस्त्यावर छत्र्या लावून एजंट बसतात. पॅरासेलिंग, डॉल्फिन, क्रूझ आणि कॅसिनो, सगळं एकाच टेबलावर. त्यातल्या एकाने ‘फॅमिली पॅकेज’ सांगितलं: माणशी अडीच हजार, त्यात जेवण, ड्रिंक्स आणि खेळायला थोडी चिप्स, म्हणजे पैशांऐवजी लावायच्या चकत्या. नवऱ्याने दोनदा विचारलं, ‘मुलगा एकोणीसचा आहे, चालेल ना?’ एजंट म्हणाला, ‘अठराच्या वर सगळं चालतं साहेब, गोवा आहे.’ दहा हजार रोख घेतले आणि पिवळी पावती फाडून दिली.

संध्याकाळी कांदोळीहून टॅक्सी केली. मांडवीच्या काठावर या कॅसिनोंची ऑफिसं ओळीने आहेत. आत नाव सांगायचं, ओळखपत्र दाखवायचं, हाताला कागदी पट्टा बांधून घ्यायचा आणि छोट्या बोटीने नदीतल्या मोठ्या बोटीवरच्या कॅसिनोत जायचं. माझ्या हाताला पट्टा बांधला, नवऱ्याच्या बांधला, लेकीच्या बांधला. मुलाचं आधार कार्ड घेऊन काउंटरवरच्या मुलीने ते दिव्याखाली धरलं, जन्मसालावर बोट ठेवलं आणि म्हणाली, ‘ट्वेंटी वन प्लस ओन्ली.’ आम्ही पावती दाखवली. आई-वडील सोबत आहोत म्हटलं. तो खेळणार नाही, पिणार नाही, फक्त जेवेल, असंही म्हटलं. तिचं उत्तर बदललं नाही, आणि तिचं काहीच चुकलं नव्हतं. कॅसिनोत प्रवेशाचं वय एकवीस आहे.

एकवीस पूर्ण झालेल्यांनाही आणखी एक अडचण येऊ शकते. २०२० पासून गोव्याच्या रहिवाशांना कॅसिनोत जाता येत नाही. म्हणजे म्हापशाचा भाचा सोबत असेल आणि त्याच्या आधारवर गोव्याचा पत्ता असेल, तर तो तीस वर्षांचा असला तरी बाहेरच.

मुलगा म्हणाला, ‘आई, तुम्ही तिघं जा, मी मिरामारला बसतो.’ पैसे वाया जाऊ नयेत म्हणून त्याने किती सहज म्हटलं ते! पण एकाला रस्त्यावर बसवून तिघांनी आत जेवायचं, हे मला जमणारं नव्हतं. लेकीने स्वतःच पट्टा तोडला. एजंटला फोन लावला तर बंद. पावतीच्या मागे बारीक अक्षरात ‘नॉन-रिफंडेबल’ छापलेलं. सकाळी त्याच्या टेबलापाशी गेलो तर तिथे दुसराच माणूस, आणि त्याला काहीच माहीत नाही. त्या रात्री परतताना टॅक्सीवाल्याने येतानाच्या दुप्पट भाडं सांगितलं, कारण ‘रिटर्न खाली जायला लागतं’. द्यावं लागलं. दहा हजार गेले, त्यात टॅक्सीची भर. हे लिहिताना आजही माझा संताप होतो.

तर माझं स्पष्ट मत: रस्त्यावरच्या टेबलावरून कॅसिनोचं पॅकेज घेऊ नका. जायचंच असेल तर पणजीत थेट त्यांच्या काउंटरवर जा, सगळ्यांची ओळखपत्रं आधी दाखवा आणि मग पैसे द्या. पायांत चप्पल किंवा अंगात हाफ पँट असेल तर बऱ्याच बोटींवर पुरुषांना अडवतात, तेही तिथेच विचारून घ्या. आणि कुटुंबात एकही जण एकविसाच्या आतला असेल तर कॅसिनोचा बेतच करू नका.

आता कायद्याचं, कारण घोळ तिथेच होतो. अठराव्या वर्षी मूल सज्ञान होतं, मत देतं, लायसन्स काढतं, म्हणून दारूचंही तेच वय असणार असं लोक धरून चालतात. पण दारू हा राज्यांचा विषय आहे. गोव्याचा अबकारी कायदा १९६४ चा, गोवा, दमण आणि दीव एकत्र होते तेव्हाचा, आणि त्यात एकविसाच्या आतल्याला विक्री नाही. पुदुचेरीत वय १८, केरळात २३, दिल्लीत २५. आपल्या महाराष्ट्रात बिअर-वाइनला २१, बाकीच्या दारूला २५, वर परवाना लागतो तो वेगळाच. म्हणजे माझी २३ वर्षांची लेक गोव्यात फेणी घेऊ शकते, पण बांदा ओलांडून सावंतवाडीत आली की तिला बिअर-वाइनच्या पुढे कायद्याने काही चालत नाही.

‘आई-वडील सोबत आहेत’ याने यात काहीही बदलत नाही. हे आम्हाला नीट समजावलं ते पणजीतल्याच एका छोट्या खाणावळीतल्या मॅनेजरने. आम्ही बिअर मागवली, त्याने मुलाकडे पाहून वय विचारलं आणि म्हणाला, ‘ताई, रागावू नका, त्याला नाही देता येणार. बाटली तुम्ही ओतलीत तरी टेबल आमचं आणि लायसन्स आमचं.’ मुलासाठी त्याने सोलकढी आणली, तीही पैसे न लावता. सबंध सहलीत कायदा सरळ शब्दांत सांगणारा हा एकच माणूस भेटला. मूल अठराच्याही आतलं असेल तर तिथे हौस अजिबात नको. २०१५ च्या बाल न्याय कायद्यात मुलाला दारू देणाऱ्याला सात वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाखापर्यंत दंड आहे.

किनाऱ्यावरच्या शॅकमध्ये, म्हणजे वाळूवरच्या झोपडीवजा हॉटेलात, मात्र वेगळाच अनुभव. बागाला आम्ही दोन बिअर सांगितल्या, वेटरने न विचारता चार ग्लास मांडले. वय कुणीच विचारलं नाही. म्हणून ‘तिकडे कुणी बघत नाही’ असा सल्ला लोक देतात. हा सल्ला घेऊ नका. एका ठिकाणी कुणी पाहत नाही आणि दुसऱ्या ठिकाणी भर गर्दीत तुमच्या मुलाला बाजूला काढतात. एकोणीस वर्षांच्या मुलाला असं चारचौघांत बाजूला उभं केलं की त्याचा चेहरा कसा होतो, ते मी पाहिलंय. आम्ही चौथा ग्लास परत पाठवला, तिसऱ्या दिवसापासून मुलाने विषयच बंद केला.

शॅकमधून बाटली घेऊन वाळूवर बसायचा मोह होतो, तोही आवरा. पर्यटन स्थळांच्या कायद्यात २०१९ ला झालेल्या दुरुस्तीने उघड्यावर दारू पिण्याला एकट्याला २,००० आणि ग्रुपला १०,००० रुपये दंड ठरला होता, आणि २०२५ मध्ये तो आणखी वाढवला. बागाच्या वाळूत फुटक्या काचा इतक्या आहेत की अनवाणी चालू नका.

ओळखपत्राबद्दल एक नक्की करा. जुन्या आधार कार्डांवर पूर्ण जन्मतारीख नसते, फक्त साल असतं. मूल नुकतंच एकवीसचं झालं असेल तर नुसत्या सालावरून सिद्ध होत नाही आणि गेटवर वाद होतो. पॅन कार्ड किंवा लायसन्स सोबत ठेवा, त्यावर पूर्ण तारीख असते. मोबाइलमधला फोटो काढून दाखवू नका, सरकारचं डिजिलॉकर अ‍ॅप उघडा किंवा मूळ कार्ड द्या.

गाडीचं आम्ही असं केलं: ज्याला प्यायची नाही त्याच्या हातात किल्ली. पणजीच्या त्या रात्रीनंतर ती मुलाकडेच राहिली आणि उरलेली सहल निर्धास्त झाली. रक्तात दर १०० मिलिलिटरला ३० मिलिग्रॅमच्या वर अल्कोहोल सापडलं तर पहिल्याच वेळी दहा हजार दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद आहे, किंवा दोन्ही. ‘एकच बिअर घेतली’ म्हणून भागत नाही. मुलांना स्कूटर भाड्याने घेऊन द्यायची तर काळ्या पाटीवर पिवळे आकडे असलेलीच घ्या. पांढऱ्या पाटीची खासगी स्कूटर स्वस्त मिळते, पण ती भाड्याने देणं बेकायदेशीर आहे आणि अपघात झाला तर विम्याचं काय होईल याचा विचार करा. हेल्मेट दोघांनाही मागून घ्या.

परत येताना पत्रादेवी ओलांडली की बांद्याजवळ इन्सुलीला आपल्या राज्याच्या एक्साइजचा तपासणी नाका आहे. गोव्यातल्या बाटल्यांवर ‘फॉर सेल इन गोवा ओन्ली’ छापलेलं असतं आणि त्यावर महाराष्ट्राचा कर भरलेला नसतो. दुकानदार ‘दोन-तीनला काही होत नाही’ म्हणतात. नाक्यावर त्यांचं नाही, तुमचं नाव लिहिलं जातं, आणि बाटल्यांबरोबर गाडीही जप्त होऊ शकते. आमची डिकी उघडून बघितली, तीत काजू, बेबिंका आणि कोकम होतं, पाच मिनिटांत सोडलं. आमच्या पुढच्या गाडीतली तीन पोरं मात्र रस्त्याच्या कडेला बसून होती, आणि त्यातला एक घरी फोन लावत होता. उर्राक-फेणी, म्हणजे तिकडची काजूची दारू, चाखायची असेल तर गोव्यातच चाखा. उरलेली बाटली खोलीवर सोडून निघा.