सहा महिन्यांच्या आतलं

इंटर्न म्हणजे आमच्याकडे पीडीएफमधले आकडे एक्सेलमध्ये उतरवणारा माणूस. कॉलेजांत जाऊन आमचे लोक जे सांगतात, 'मार्केटचा जवळून अनुभव' वगैरे, ते सोडून द्या. छोट्या कंपन्या निकालाचा कागद सही-शिक्का मारून, वाकडा स्कॅन करून स्टॉक एक्सचेंजच्या साइटवर चढवतात. त्यातला आकडा कॉपी होत नाही, शोधताही येत नाही. कुणीतरी बसून तो टाइप करायचा, आणि लाखांचे कोटी करताना शून्य गिळायचं नाही. बी.कॉम. असो, बीएमएस असो, एमबीए असो, काम सगळ्यांना हेच. एमबीएवाले ते करताना चेहरा पाडतात, एवढाच फरक.

मी लोअर परळच्या एका ब्रोकिंग कंपनीत रिसर्चला आहे, कापड आणि कपड्यांच्या कंपन्या बघते. गेल्या वर्षी जानेवारीत सहा महिन्यांसाठी पाच इंटर्न आले. चौघं नेहमीच्या यादीतल्या कॉलेजांची. पाचवा इचलकरंजीचा, शिवाजी विद्यापीठाचा बी.कॉम. तो कसा निवडला गेला हे एचआरला आजही नीट सांगता येत नाही. बहुधा एक्सेलची चाचणी ऑनलाइन होती आणि मार्क लावताना कॉलेजचा रकाना कुणी पाहिला नाही.

स्टायपेंड पंधरा हजार. कांजूरमार्गला तिघांत एक खोली, डबा बाहेरून. त्याचा एक मित्र पंतप्रधान इंटर्नशिप योजनेतून दुसरीकडे लागला होता, महिना ५,००० वर, वर्षभरासाठी. मुंबईत तेवढ्यात कॉट मिळते, कॉटवर झोपणाऱ्याचं जेवण त्यात येत नाही. तो मित्र दीड महिन्यात गावी परतला.

पहिल्या आठवड्यात मी सगळ्यांना तेच शिकवते. माउसला हात लावायचा नाही. हाताने भरलेला आकडा निळा, सूत्रातून आलेला काळा. बॅलन्सशीट जुळत नसेल तर फरक 'इतर'मध्ये ढकलून मोकळं व्हायचं नाही. माझ्या हाताखालच्या एकाही पोराने असा प्लग मारलेला नाही, निदान मला सापडेल असा तरी नाही. बाकी कौतुकं मला फारशी नाहीत, पण हे आहे. इचलकरंजीचा पोरगा त्यात सगळ्यांत हळू होता आणि त्याची शीट पुन्हा तपासावी लागत नसे. तिसऱ्या महिन्यात त्याने एनआयएसएम या सेबीने काढलेल्या शेअर बाजार शिक्षणसंस्थेची रिसर्च अ‍ॅनालिस्टची परीक्षाही काढली. पासिंगला ६० टक्के लागतात, चुकीच्या उत्तराला त्या प्रश्नाचे पाव गुण कापतात. यादीतल्या कॉलेजवाल्या चौघांपैकी दोघं त्यात आपटली होती.

मला सगळे नावाने हाक मारतात, ऑफिसची पद्धतच तशी आहे. याला शेवटपर्यंत ते जमलं नाही. 'मॅडम'च.

आता मूळ गोष्ट. कापडाची एक छोटी लिस्टेड कंपनी मी तीन वर्षं कव्हर करत होते, म्हणजे तिच्यावर गुंतवणूकदारांसाठी नोट्स लिहीत होते. तिची येणी मला खटकत होती, पण बोट कुठे ठेवायचं ते कळत नव्हतं. ६१० कोटींची विक्री आणि २१२ कोटींची उधारी, म्हणजे जवळपास १२७ दिवस. कापडात एवढं चालतं, म्हणून मी सोडून दिलं होतं. मे महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात, निकालाच्या आदल्या दिवशी, त्याला म्हटलं की उधारीच्या वयाचा तक्ता तेवढा दोन वर्षांचा शेजारी-शेजारी लावून ठेव.

हा तक्ता २०२१च्या दुरुस्तीनंतर प्रत्येक कंपनीला वार्षिक अहवालात द्यावा लागतो. सहा महिन्यांच्या आतलं किती, सहा महिने ते वर्ष किती, एक ते दोन, दोन ते तीन, तीनच्या पुढचं. बहुतेक अ‍ॅनालिस्ट त्यातलं एकच बघतात, जुनं वाढलंय का. इथे जुनं वाढलं नव्हतं, उलट आटलं होतं. मार्च २०२३ला सहा महिन्यांच्या पुढची उधारी ३८ कोटी, मार्च २०२४ला फक्त ४. मी मागच्या नोटमध्ये 'वसुली सुधारली' असं लिहूनही टाकलं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी साडेनऊला तो माझ्या टेबलाशी उभा. हातात प्रिंटआउट, तक्त्याच्या डोक्यावरच्या बारीक अक्षरांखाली पेनाने रेघ मारलेली.

"मॅडम, हे वय बिलाच्या तारखेपासून न्हवं. देय तारखेपासून हाय."

तीन वर्षं मी तो तक्ता वाचत होते आणि ती ओळ मी वाचली नव्हती.

तो एरवी माझ्याशी जपून, पुस्तकी मराठीत बोलायचा. त्या दिवशी बोली सुटली. वडिलांचे सोळा माग आहेत. त्यांच्याकडे कापडाच्या पैशाची मुदत ठरलेली असते, तिला पेमेंट धारा म्हणतात. व्यापाऱ्याने धारा मोडला की भांडण होतं, किंवा तडजोड. तडजोड म्हणजे जुना माल कागदावर परत आला असं दाखवायचं आणि त्याच मालाचं नवं बिल काढायचं. नवं बिल, नवी मुदत. २०२४च्या मार्चमध्ये तर त्याने हे स्वतःच्या दारात पाहिलं होतं. सूक्ष्म आणि लघुउद्योगांचे पैसे ४५ दिवसांत दिले नाहीत तर तो खर्च त्या वर्षी करपात्र उत्पन्नातून वजा मिळणार नाही, हे कलम त्या आर्थिक वर्षापासून लागू झालं. ज्यांच्याकडून वेळेत पैसे यायला हवेत म्हणून कायदा केला, त्यांच्याच दारात एकतीस तारखेच्या आत व्यापाऱ्यांनी माल परत आणून टाकला. एप्रिलमध्ये तेच तागे पुन्हा गेले. "गठ्ठ्याची सुतळीसुद्धा सोडली नव्हती मॅडम."

मग त्याने शीट उघडली. कंपनीची विक्री वर्षभरात ५ टक्क्यांनी वाढलेली. 'अद्याप देय नाही' या रकान्यातली, म्हणजे मुदत अजून न संपलेली उधारी ९६ कोटींवरून १५० कोटींवर, म्हणजे ५६ टक्क्यांनी. ग्राहकांना दिलेली मुदत तीच आहे, असं मॅनेजमेंट निकालानंतरच्या दर कॉन्फरन्स कॉलवर सांगत होतं. मार्चमध्ये माल ढकलला असेल, मी म्हटलं. त्याचं उत्तर तयार होतं: चौथ्या तिमाहीची विक्री आदल्या वर्षीपेक्षा कमीच होती. बुडीत म्हणून काढलेली रक्कम एक कोटीसुद्धा नाही. "३८ कोटींची जुनी उधारी वसूल झाली असती तर घरात पैसा दिसला असता की." त्या वर्षी धंद्यातून आलेली रोकड होती ६ कोटी.

पुरावा म्हणावा असं यात काही नाही, हे मला कळत होतं. वसुली खरीच झाली असेल, नव्या ग्राहकांना जास्त मुदत दिली असेल आणि कॉलवर सांगायचं राहिलं असेल. विक्री परतावा निव्वळ विक्रीत जिरून जातो, बाहेरून दिसतच नाही. पण विचारायला हवं असा प्रश्न मात्र होता.

कॉल चार वाजता. ज्यांनी ऐकला नसेल त्यांच्यासाठी: आधी मालक पंधरा मिनिटं वाचून दाखवतो. मग प्रश्न विचारायला स्टार आणि एक दाबायचं, रांगेत थांबायचं. नंबर आला की प्रथम 'उत्तम निकालाबद्दल अभिनंदन' म्हणायचं, निकाल कसाही असो. मी तोटा दाखवणाऱ्या कंपनीचं अभिनंदन केलेलं आहे.

साडेतीनला त्याने प्रश्न पिवळ्या चिठ्ठीवर इंग्रजीत लिहून आणला आणि हळूच विचारलं, "मी विचारू का, मॅडम?"

मी नाही म्हटलं. कारणं खरी होती. कॉलवर नोंद माझ्या नावाची, इंटर्नने असला प्रश्न विचारला तर कंपनी आमच्या हेडला फोन करणार, पुढच्या भेटी बंद होणार. मी चिठ्ठीवर 'बिल' खोडून 'इन्व्हॉइस' केलं, एका क्रियापदाचा काळ बदलला, आणि माझा नंबर आल्यावर अभिनंदन करून प्रश्न वाचला. 'देय नाही'मधल्या वाढीपैकी किती रक्कम जुन्या बिलांच्या बदल्यात नवी बिलं काढून आलेली आहे?

ओळीवर शांतता. पाचेक सेकंद असतील, पण कॉलवर पाच सेकंद म्हणजे फार. शेजारी तो कानात इअरफोनची एक बाजू घालून टेबलाची कड धरून बसलेला. मग त्यांचे सीएफओ, म्हणजे वित्तप्रमुख, म्हणाले की टीमकडून माहिती घेऊन ऑफलाइन कळवतो. सगळ्यांसमोर विचारलेल्याचं उत्तर एकीच्या कानात देणं नियमात बसत नाही, हे दोन्ही बाजूंना माहीत असतं, म्हणूनच 'ऑफलाइन' म्हणजे कधीच नाही. पुढचा प्रश्न कापसाच्या भावावर होता.

कॉल संपायच्या आत एका म्युच्युअल फंडातल्या ओळखीच्या मॅनेजरचा फोन. "जबरदस्त प्रश्न. तुझा?"

"आमच्या टीमचा," मी म्हटलं.

चार दिवसांनी ट्रान्सक्रिप्ट एक्सचेंजवर आली. प्रश्नापुढे माझं नाव. ट्रान्सक्रिप्टमध्ये शांतता छापत नाहीत.

पण हे मी लिहायला बसले ते त्या संध्याकाळमुळे. साडेसहाला इंटर्नची मीटिंग होती. पाचांपैकी दोघांना कायम करायचं होतं. फॉर्म आम्ही आदल्याच दिवशी भरून दिले होते. त्याच्या फॉर्मवर माझ्या हातचं होतं: विश्लेषण पाचपैकी चार, कम्युनिकेशन पाचपैकी दोन.

दोन का, तर एप्रिलमध्ये सकाळच्या मीटिंगला त्याला एका कंपनीवर बोलायला उभं केलं होतं. हेडने इंग्रजीत मध्येच काही विचारलं, हा अडखळला, अर्धं मराठी अर्धं इंग्रजी बोलला, कोपऱ्यात कुणीतरी हसलं. उत्तर बरोबर होतं. मी स्वतः डोंबिवलीच्या मराठी शाळेतली, नोकरीच्या पहिल्या वर्षी कर्जासाठीचा इंग्रजी 'डेट' शब्द स्पेलिंगप्रमाणे 'डेब्ट' म्हणायचे. मलाही कोपऱ्यातून हसलं होतं. आणि तरी तो दोन माझाच.

फॉर्ममध्ये खोटं काही नव्हतं, हे मी आजही म्हणेन. आमच्या धंद्यात निम्मा पगार बोलण्याचा असतो. फंड मॅनेजर फोनवर तीन मिनिटं देतो, तेवढ्यात मुद्दा गळी उतरवता आला नाही तर शीट कितीही चोख असो, काय कामाची? पण बोलणं सहा महिन्यांत शिकवता येतं, तक्त्याच्या डोक्यावरची ओळ वाचायची खोड शिकवता येत नाही. हे मला त्या खोलीत बसूनही माहीत होतं.

हेडने त्याचा फॉर्म हातात घेऊन मला विचारलं, "क्लायंटसमोर उभा करशील याला?"

आजचा प्रश्न त्याचा होता, एवढंच सांगायचं होतं. ते सांगितलं असतं तर तासाभरापूर्वीच्या 'आमच्या टीमचा'चं काय, कालच्या दोनचं काय, तीन वर्षांच्या नोट्सचं काय. किती वेळ गेला माहीत नाही. हेडने फॉर्म खाली ठेवला आणि पुढचा उचलला.

जूनअखेर तो गेला. जाताना पेढे आणले होते. आता कोल्हापूरला एका सीएकडे जीएसटीचं काम करतो. आमच्याकडे कायम झालेल्या दोघांपैकी एकाने तीन महिन्यांत नोकरी बदलली.

ऑगस्टमध्ये त्या कंपनीचा वार्षिक अहवाल आला. मी तो उघडायच्या आधी त्याचा व्हॉट्सअ‍ॅप: "मॅडम, पान १८४. मागच्या वर्षीचा रकाना जुन्या अहवालाशी ताडून बघा. बेरीज तीच आहे."

पाहिलं. ३१ मार्च २०२४चे आकडे. जुन्या अहवालात 'देय नाही' १५० कोटी, नव्यात त्याच तारखेला ११८. बाकीचे ३२ 'सहा महिन्यांच्या आत'मध्ये सरकलेले. खाली नेहमीची ओळ: आवश्यक तेथे मागील वर्षाच्या आकड्यांची पुनर्मांडणी केली आहे. ऑडिटरचा शेरा नाही, कारण नाही. तो बरोबर होता, असं यावरून म्हणता येत नाही. चूक होता असंही नाही.

उत्तर टाइप करायला घेतलं. दोन ओळी लिहिल्या, मग खोडल्या. कव्हरेजमधल्या कंपनीबद्दल आपलं मत बाहेरच्या माणसाशी बोलायचं नाही, असा कम्प्लायन्सचा नियम आहे, आणि तो आता बाहेरचा माणूस.

मी त्याला अंगठा पाठवला.