सिगारेट, यकृत आणि अँटिऑक्सिडंटची गोळी

‘सिगारेट सुटत नाही, निदान यकृतासाठी अँटिऑक्सिडंट तरी घेतो’ हा हिशेब जुळत नाही. का, ते यकृताच्या पेशीत डोकावलं की कळतं.

तंबाखू ओढा किंवा चघळा, रक्तात उतरलेल्या निकोटीनचा निचरा मुख्यतः यकृतच करतं. सीवायपी२ए६ हे एन्झाइम त्याचं कोटिनिन करतं. गोम अशी की हेच एन्झाइम आणि त्याची भावंडं तंबाखूतल्या एनएनके या कर्करोगकारक नायट्रोसामाइनला डीएनएला चिकटणारं रूपही देतात. सीवायपी२ई१ हे भावंड तर तंबाखूनंही वाढतं आणि दारूनंही, आणि काम करता करता सुपरऑक्साइड, म्हणजे पेशीला इजा करणारं ऑक्सिजनचं रूप, सांडत राहतं.

ते निस्तरायला पेशीकडे ग्लुटाथायोन हे स्वतःचं अँटिऑक्सिडंट असतं. ग्लुटामेट, सिस्टीन आणि ग्लायसिन या अमिनो आम्लांपासून पेशी ते स्वतः बनवते. तुटवडा पडतो तो बहुधा सिस्टीनचा. एन-अ‍ॅसिटिलसिस्टीन हे औषध नेमकं तेच पुरवतं. पॅरासिटामॉलच्या विषबाधेत ते पहिल्या आठ तासांत सुरू झालं तर यकृत जवळजवळ नेहमी वाचतं. पण तो एकदाच बसलेला घाव. सिगारेट म्हणजे रोजची गळती, आणि डीएनएला चिकटलेलं एनएनके ग्लुटाथायोन सोडवून आणत नाही. उंदरांवरच्या प्रयोगांत यकृत सावरलेलं दिसतं खरं, पण तिथे औषध बरेचदा विषाच्या आधी किंवा सोबतच दिलेलं असतं. वीस वर्षं ओढणाऱ्याला ती सोय नाही.

गोळ्यांचा उलटा परिणामही नोंदलेला आहे. फिनलंडमध्ये २९,१३३ धूम्रपान करणाऱ्या पुरुषांवर चाचणी झाली, निष्कर्ष १९९४ साली आले. रोज २० मिलिग्रॅम बीटा-कॅरोटिन हे अँटिऑक्सिडंट घेणाऱ्यांत फुप्फुसाचा कर्करोग १८ टक्के जास्त निघाला. त्यामुळे ओढणाऱ्यानं बाटलीवर आधी हाच शब्द शोधावा. सापडला तर बाटली परत ठेवावी. व्हिटॅमिन ए यकृतातच साठतं, मोठ्या डोसनं त्यालाच इजा करतं. ग्रीन टीच्या अर्कात ईजीसीजी हे त्यातलं अँटिऑक्सिडंट किती, तेही वाचा: रोज ८०० मिलिग्रॅम किंवा अधिक घेणाऱ्यांत यकृताची एन्झाइम्स वाढलेली आढळली आहेत. चहाचा कप वेगळा, कॅप्सूल वेगळी.

व्हिटॅमिन सी मात्र ओढणाऱ्याचं खरंच जास्त खर्च होतं. अमेरिकी शिफारस रोज ३५ मिलिग्रॅम जादाची आहे, म्हणजे पुरुषाला १२५, बाईला ११०. एवढं फळं-भाज्यांतून सहज मिळतं. हजाराची गोळी लागत नाही.

आणि रक्ततपासणीत एएलटी, एएसटी ही यकृताची एन्झाइम्स नॉर्मल आली म्हणून निर्धास्त होऊ नका. पेशी फुटल्या की ही एन्झाइम्स रक्तात येतात. डीएनएवरचा ओरखडा त्यांत दिसत नाही.