करमतंय का?

नवी सून सासरी आली की पहिल्या आठवड्यात येणारी-जाणारी प्रत्येक बाई तिला विचारते, 'करमतंय का गं?' वसतिगृहात ठेवलेल्या पोराला बाप फोनवर हेच विचारतो. विकत आणलेली गाय नव्या दावणीला वैरण खाईना झाली, तर 'तिला करमंना' एवढं म्हटलं की आमच्या मिरजेकडच्या माणसाला पुढचं सांगावं लागत नाही.

मी ज्येष्ठ नागरिकांच्या घरी जाऊन प्रश्नावल्या भरून घेते. एकाकीपणा मोजायला 1978 साली कॅलिफोर्निया विद्यापीठात तयार झालेली 20 विधानांची मापनश्रेणी आहे, तिचं नाव या कामात हमखास निघतं. आमच्या साध्या फॉर्मवर मात्र एकच ओळ असते: 'आपणांस एकाकी वाटते का?' बहुतेक आज्या 'न्हाई बाई' म्हणून मोकळ्या होतात. हा शब्द त्यांच्या बोलण्यातला नाहीच, शिवाय भरल्या घरात तो उच्चारायचा म्हणजे लेकासुनेची तक्रार केल्यासारखं होतं. त्याच आजीला 'दिवसभर करमतं का हो?' असं विचारा. ती सरकून जागा करून देते आणि बोलायला लागते.

'मी करमते' असं कुणी म्हणत नाही. 'मला करमत नाही' असंच म्हणायचं. भूक लागते, थंडी वाजते, तसं ते माणसाला होतं. त्यात सांगणाऱ्याचा कमीपणा नाही, ऐकणाऱ्यावर आरोप नाही. मला या क्रियापदाचं फार अप्रूप वाटतं. 'एकटी राहते' म्हणणारी बाई मजेत असू शकते. एकलकोंडा माणूस स्वतःच्या स्वभावानं लोकांपासून लांब राहतो. पोरकं वाटायला डोक्यावरचं छत्र जावं लागतं. करमत नाही ते मात्र आठ माणसांच्या घरातही करमत नाही.

गोंधळ होतो तो करमणुकीमुळे. शब्द एकाच घरातले, म्हणून आई 'करमत नाही' म्हणाली की मुलगा मोठा टीव्ही आणतो. पण या वाक्याच्या आधी बहुतेक वेळा एक 'शिवाय' गिळलेला असतो. तुझ्याशिवाय, त्यांच्याशिवाय, रानाशिवाय. त्यामुळे मी आता लगेच विचारते, 'कुणाशिवाय?'

एका आजींनी क्षणभरही न थांबता शेजारणीचं नाव घेतलं. पौर्णिमेला दोघी मिळून नरसोबाच्या वाडीला जायच्या. शेजारीण लेकीकडे पुण्याला गेली, तेव्हापासून आजींचं वाडीला जाणंच बंद पडलं. घरच्यांना वाटत होतं, गुडघे दुखतात म्हणून जात नाहीत. नातवानं तिथल्या तिथे व्हिडिओ कॉल लावून दिला. पुढच्या पौर्णिमेला सून स्वतः त्यांना घेऊन वाडीला गेली.

प्रत्येक वेळी नाव येतंच असं नाही. 'कशातच जीव रमत नाही' असं उत्तर आलं, आणि झोप, जेवण उडून दोनेक आठवडे झाले असतील, तर मी घरच्यांना डॉक्टरांकडे न्यायला सांगते. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 हा क्रमांकही लिहून देते. तिथे मराठीत बोलता येतं आणि त्याचे पैसे पडत नाहीत.

घरी विचाराल तेव्हा पहिल्या उत्तरावर थांबू नका. 'करमतंय की' हे पाहुण्याला द्यायचं उत्तर आहे. चहा होऊ द्या, मग पुन्हा विचारा.