साडेचार आटे

मे महिन्यातला शनिवार. सकाळी साडेनऊलाच पत्र्याच्या शेडखाली उभं राहवत नव्हतं. सोलापुरात होटगी रोडवरच्या आमच्या अलाइनमेंटच्या दुकानासमोर एक काळी अँबॅसडर येऊन थांबली. मार्क टू, 1972 ची. चालवणारा पोरगा पुण्यात नोकरीला, शेजारी त्याचे आजोबा. पोराचं नुकतंच लग्न झालेलं आणि दुसऱ्या दिवशी पाच माणसं बसवून जोडप्यानं तुळजापूरला देवीला जायचं होतं.

"मामा, मागचं डावं चाक घासतंय. बाकी गाडी एकदम ओके आहे."

गाडी झकास दिसत होती, खोटं कशाला बोलू. 5.90-15 च्या जुन्या बारीक टायरांच्या जागी सहा इंच रुंदीचे अलॉय आणि त्यावर 205/70 आर 15. पोरानं उंचीचा हिशेब चोख केला होता. 205 चे सत्तर टक्के साडेत्रेचाळीस वर शंभर, त्याची दुप्पट 287, त्यात पंधरा इंचांचे 381, झाले 668 मिलिमीटर. जुना टायर टेपनं मोजला तर जवळपास तेवढाच भरला. रुंदीचा हिशेब मात्र राहून गेला होता. जुना टायर दीडशे मिमी, नवा 205. पंचावन्नचा फरक, म्हणजे चाकाचा मध्य होता तिथंच ठेवला तरी साडेसत्तावीस आत आणि साडेसत्तावीस बाहेर. बरं, मध्यही जागेवर नव्हता.

"आत पाट्याला लागेल म्हणून मागच्या चाकांना स्पेसर टाकून दिलेत," तो म्हणाला. पाटा म्हणजे चाकाच्या आतल्या बाजूला असणारी पट्ट्यांची स्प्रिंग. कुठून टाकले ते मी विचारलं नाही.

स्पेसर म्हणजे हब (चाक ज्याला आवळतात तो भाग) आणि रिमच्या मधे बसणारी चकती. जेवढी जाड चकती घातली तेवढं चाक बाहेर येतं, एवढं सगळ्यांना कळतं. पण हबचा स्टड, म्हणजे नट ज्यावर बसतो तो आट्यांचा दांडा, होता तेवढाच राहतो. मी पान्हा लावून नट सैल केला आणि मग हातानं फिरवत मोजत गेलो. एक, दोन, तीन, चार, आणि पाचवा फेरा पुरा व्हायच्या आत नट माझ्या तळहातावर. पुढच्या चाकाला स्पेसर नव्हता. तिथला नट मोजला तर नऊ आटे. स्टडच्या जाडीइतकं तरी नटानं धरायला हवं, ही साधी गोष्ट. इथं निम्मंच धरलेलं, आणि पोरगा पुण्याहून अडीचशे किलोमीटर हायवेनं आलेला.

मी काही बोललो नाही. नट आजोबांच्या हातात दिला. ते गाडीतून उतरले आणि तो खिशात घातल्यासारखा मुठीत धरून बाकड्यावर जाऊन बसले.

स्पेसर काढून चाक परत बसवलं. टायरची आतली बाजू आणि पाटा यांच्यात बोट जात होतं, सोळा मिमी. उजवीकडेही सोळाच. म्हणजे स्पेसरची गरजच नव्हती! मग घासत होतं ते बाहेर, मडगार्डच्या ओठाला, आणि तेही फक्त डावीकडे. टायरच्या खांद्यावर पावशीनं ओढल्यासारखी रेघ होती. उजव्या टायरला ओरखडा नाही.

दोन्ही मडगार्डांवरून ओळंबा सोडला. डावीकडे जागा बारा मिमी कमी. आत सारखी आणि बाहेर कमी-जास्त, याचा अर्थ एकच. मागचा अ‍ॅक्सल पाट्यांना यू-बोल्टनं आवळलेला असतो, त्यामुळं तो पाट्यांपासून हलत नाही; पाट्यांसकट सगळंच डावीकडे सरकलंय. टॉमी (लोखंडी कांब) घालून शॅकल, म्हणजे पाट्याला गाडीशी जोडणारा दुवा, हलवलं तर त्यातल्या बुशचं रबर चुऱ्यासारखं खाली पडलं. पन्नास वर्षांच्या गाडीला नवे बूट घातले, पण गुडघे कुणी बघितले नव्हते.

बुश मिळाले, बदलले. त्यात दुपार गेली. फरक बारावरून तीनवर आला.

आता खरी परीक्षा. रिकामी गाडी रॅम्पवर उभी असताना कुठलंच चाक घासत नाही. घासतं ते माणसं बसल्यावर आणि एक चाक गतिरोधकावर चढल्यावर. शेजारच्या घरातून वहिनींकडून पोळ्यांची कणीक आणली. (भाकरीचं पीठ चालत नाही, चिरतं. एकदा केलंय.) बोटाएवढी वळी मडगार्डच्या ओठाच्या आतून चिकटवली, एक पाट्याजवळ. गाडीत आम्ही पाच जण, डिकीत भुसार दुकानातली ज्वारीची दोन पोती, आणि डावं चाक सहा इंची ओंडक्यावर चढवलं. उतरून बघितलं तर पाट्याजवळची कणीक शाबूत, ओठाजवळची पार फाटून टायरला चिकटलेली.

"ओठ वळवून टाकू की, दहा मिनिटाचं काम," आमचे डेंटर मास्तर म्हणाले. साखर पेठेतले जुने कारागीर, त्यांचा हात बघत राहावा असा. गरम हवा देऊन, रोलर फिरवून ते ओठ आत घडी करतात, रंगाला तडा जात नाही. पण मी लोहचुंबक लावून बघितलं. ओठाच्या वर वितभर जागेत ते चिकटेचना. रंगाखाली लांबी, म्हणजे पुट्टी, भरलेली. वळवला असता तर पापुद्रे निघाले असते. दुसरं कारण आजोबांनी बाकड्यावरून सांगितलं. गाडीला पन्नास वर्षं झाली, 2021 च्या नियमानं व्हिंटेज म्हणून नोंदवायची आहे, आणि त्यासाठी गाडी मूळ रूपात लागते. (तो नंबर घेतला की गाडी रोज फिरवता येत नाही, हे पोराला तेव्हा पहिल्यांदाच कळलं.)

"पत्र्याला हात लावायचा नाही," आजोबा म्हणाले. "रिमा काय, काढून ठेवता येतात."

मग टायरच बदलायचे. 195/65 आर 15 कुठंही मिळतो, सहा इंची रिमला बसतो. रुंदीत दोन्हीकडून पाच-पाच मिमी सुटतात, आणि उंची साडेचौतीस वर सहाशे, म्हणजे टायरचा माथा आधीपेक्षा सतरा मिमी खाली. गाडी तेवढीच बसते आणि स्पीडोमीटर खऱ्या साठला त्रेसष्ट दाखवणार. ते मी सांगून टाकलं. नवे कोरे 205 परत करताना पोराचा चेहरा बघवत नव्हता.

पुन्हा कणीक, पुन्हा पोती, पुन्हा ओंडका. ह्या वेळी वळी नुसती चेपली. मोजली तर आठ मिमी उरली. पण वळणावर टायर कडेला लवतो, ते ओंडक्यावर कळत नाही. म्हणून टायरच्या खांद्यावर खडूची रेघ मारली आणि तसंच भरगच्च आसरा चौकातून जोरात वळवून आणली. रेघ कुठं पुसली नव्हती.

मंगळवारी आजोबा एकटेच आले, देवीचा प्रसाद घेऊन. नट अजून त्यांच्या खिशात होता. चाकाला मी स्पेअरमधला लावला होता, म्हणून हा परत द्यायला आणलेला. मग मडगार्डखाली बोट दाखवून म्हणाले, "मिस्त्री, हे काय राहिलंय बघा."

वाकून बघितलं. कणकेची वळी काढायची विसरलो होतो. तुळजापूरला जाऊन-येऊन उन्हात ती खापरासारखी वाळली होती, मुंग्या लागल्या होत्या, आणि तिच्यावर माझ्याच अंगठ्याचा ठसा तसाच्या तसा.